जिशानच्या दवाखान्यातला नकाशा

चीनच्या शान्सी प्रांताच्या दक्षिणेला जिशान नावाचा तालुका आहे. माणसांना धान्य पेरायला शिकवणारा पुराणपुरुष होऊजी आपल्याच भूमीतला, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. लाल बोरांसाठीही हा भाग प्रसिद्ध आहे. नोव्हेंबर १९५९ मध्ये चीनच्या आरोग्य खात्याने ग्रामीण आरोग्याची देशपातळीवरची बैठक इथे भरवली होती. गावाने वर्गणी काढून आपला दवाखाना आपण चालवायचा, या सहकारी पद्धतीवर सरकारने शिक्कामोर्तब केलं ते त्या बैठकीत. तालुका आडबाजूचा खरा, पण सरकारदरबारी त्याचं नाव होतं.

पुढे बारा-एक वर्षांनी, म्हणजे १९७१ च्या सुमाराला, याच जिशानच्या दवाखान्यात एका तिशीतल्या डॉक्टरने पक्षाघाताच्या रोग्यांच्या डोक्याच्या कातडीखाली सुया सरकवायला सुरुवात केली. डॉक्टरचं नाव ज्याओ शुनफा. त्याने मेंदूच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण घेतलेलं होतं. रोग्यांच्या आधी त्याने स्वतःच्या डोक्यात सुया टोचून पाहिल्या, असं सांगतात. आज जगभर ‘स्कॅल्प अ‍ॅक्युपंक्चर’ म्हणून जो उपचार चालतो, त्याचा जन्म इथला. माणूस चंद्रावर उतरला त्यानंतरचा.

हे सुरुवातीलाच सांगायचं कारण असं की, या उपचाराच्या जाहिराती वाचल्या तर तो हजारो वर्षं अखंड चालत आलेला आहे असा कुणाचाही समज होईल. डोक्यात सुई टोचणं जुनं आहे, यात वाद नाही. इसवी सन ६८३ मधली थांग राजवंशाची एक कथा चिनी इतिहासग्रंथांत आहे. सम्राट गाओझोंगचं डोकं असह्य ठणकत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. राजवैद्य छिन मिंगह म्हणाला, डोक्याला टोचून थोडं रक्त काढलं तर उतार पडेल. पडद्याआडून सम्राज्ञी वू झेतियान कडाडली, सम्राटाच्या मस्तकातून रक्त काढायचं म्हणतो, याचंच मस्तक उडवा! सम्राट म्हणाला, माझं डोकं फुटायला आलंय, टोचू द्या त्याला. वैद्याने टोचलं आणि सम्राट म्हणाला की मला दिसू लागलं. त्यावर सम्राज्ञीने वैद्याला बक्षीस दिलं. राजवैद्याची नोकरी कोणत्याही काळात जिवावरचीच.

पण तो वैद्य ठरावीक बिंदूंवर टोचून रक्त काढत होता. ज्याओ शुनफा बिंदू शोधत नव्हता. त्याने डोक्यावर रेषा आखल्या, आणि त्या कोणत्याही चिनी पोथीतून घेतलेल्या नव्हत्या. त्या कुठून आल्या हे पाहण्याआधी सुईचं काय झालं होतं ते पाहायला हवं, कारण मधल्या काळात ती चीनमधून जवळजवळ हद्दपार व्हायला आली होती.

१८२२ मध्ये दाओग्वांग सम्राटाने राजवैद्यकाच्या संस्थेतून सुई आणि शेक हा विभाग कायमचा बंद केला. राजाच्या अंगाला सुई लावणं शोभत नाही, असं कारण दिलं गेलं. सुई दरबारातून उठली ती गल्लीबोळातल्या फिरत्या वैदूंच्या हाती राहिली. शंभर वर्षांनी प्रश्न आणखी मूलभूत झाला. जपानात शिकून आलेल्या यू युनशिउ या डॉक्टरने फेब्रुवारी १९२९ मध्ये सरकारपुढे ठराव आणला की जुनं चिनी वैद्यकच टप्प्याटप्प्याने मोडीत काढावं. देशभरचे वैद्य खवळले. १७ मार्च १९२९ रोजी शांघायमध्ये त्यांचे प्रतिनिधी जमले, राजधानी नानजिंगला शिष्टमंडळ गेलं आणि ठराव बारगळला. जुनं वैद्यक वाचलं, पण या लढाईने वैद्यांना एक धडा दिला: टिकायचं असेल तर विज्ञानाच्या भाषेत बोलावं लागेल. छेंग दानआन या वैद्याने १९३० च्या दशकात शरीरशास्त्राची चित्रं समोर ठेवून टोचण्याच्या जागा नव्याने नेमल्या, रक्तवाहिन्यांवरच्या जागा बाजूला सरकवल्या, जाड सुयांऐवजी बारीक सुयांचा आग्रह धरला. आज आपण अ‍ॅक्युपंक्चरची म्हणून जी केसासारखी सुई ओळखतो, तिच्या पाठीमागे हा माणूस आहे.

कम्युनिस्टांना या सुईची गरज वेगळ्याच कारणाने पडली. डोंगराळ मुलुखात लढणाऱ्या सैन्याकडे औषधं नव्हती, डॉक्टर नव्हते, सुया होत्या. कम्युनिस्टांचा तळ असलेल्या येनानच्या बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयात १९४५ मध्ये सुईउपचाराचा विभाग उघडला गेला. झू ल्यान ही आधुनिक वैद्यक शिकलेली, पक्षात काम करणारी डॉक्टरबाई येनानमध्येच सुई शिकली आणि १९५१ मध्ये तिने ‘नवं अ‍ॅक्युपंक्चर’ सांगणारा ग्रंथ काढला. त्यात ‘ची’ म्हणजे जीवनऊर्जा आणि यिन-यांग यांचा पसारा आवरून मज्जासंस्थेवर भर दिला होता. सोव्हिएत मैत्रीचा काळ, त्यामुळे रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हचा मज्जासंस्थेवरचा सिद्धांतही हाताशी होताच. ऑक्टोबर १९५८ मध्ये माओने चिनी वैद्यकाला महान खजिना म्हटलं, आणि तेव्हापासून सुईला विरोध करणं राजकीयदृष्ट्या महागात पडू लागलं.

१९६५ च्या जून महिन्यात माओने आरोग्य खात्यावर आगपाखड केली, की हे खातं शहरातल्या साहेबांचं झालं आहे. त्याच्या पुढच्या वर्षी सांस्कृतिक क्रांतीचा वणवा पेटला. विद्यापीठं बंद पडली, नियतकालिकं थांबली, नामवंत डॉक्टरांना संडास साफ करायला लावलं गेलं. दुसरीकडे शहरांतले डॉक्टर खेड्यांत धाडले गेले आणि ‘अनवाणी डॉक्टर’ म्हणून थोडकं शिक्षण दिलेले शेतकरी दवाखान्याच्या पेट्या घेऊन हिंडू लागले. त्या पेटीत सुया हमखास असत, कारण सुई स्वस्त आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारी. या वातावरणात तालुक्याच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने परदेशी यंत्रांशिवाय, परंपरा आणि आधुनिक ज्ञान यांची सांगड घालून काही नवं काढलं, तर त्याला अडवणारं कुणी नव्हतं. उलट अशा बातमीची वाट पाहणारे पुष्कळ होते. ज्याओच्या कल्पकतेला मी कमी लेखत नाही. पण शांत काळात, चांगल्या विद्यापीठात, हीच कल्पना मांडली असती तर आधी चार प्रश्न विचारले गेले असते. जिशानमध्ये ते विचारायला कुणी उरलं नव्हतं.

आता नकाशाकडे येऊ. त्याची सुरुवात १८७० च्या बर्लिनमध्ये आहे. गुस्टाफ फ्रिच आणि एडुआर्ड हिट्झिग या दोघा तरुण डॉक्टरांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा हलका झटका दिला, तर विरुद्ध बाजूचा पाय हलला. प्रयोगशाळा मिळाली नव्हती, म्हणून हे प्रयोग हिट्झिगच्या घरीच उरकले गेले. मेंदूचा ठरावीक भाग ठरावीक अवयव हलवतो, हे त्यातून उघड झालं. पुढे कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड हा शल्यविशारद अपस्माराच्या रोग्यांचा मेंदू उघडून, त्यांना जागं ठेवून, पृष्ठभागावर बारीक विद्युतप्रवाह देत असे आणि काय जाणवतं ते त्यांनाच विचारत असे. १९३७ मध्ये त्याने आणि बोल्ड्री या सहकाऱ्याने या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांतून मेंदूवर पसरलेल्या विद्रूप माणसाचं चित्र तयार झालं: माथ्याजवळ पाय, मधे भलामोठा हात, खाली कानशिलाच्या दिशेने प्रचंड ओठांचा चेहरा. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला हे चित्र पाठ असतं. ज्याओलाही ते पाठ असणार.

त्याने केलं ते असं. दोन भुवयांच्या मधून निघून थेट माथ्यावरून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत जाणारी रेघ धरायची. तिचा मध्य काढायचा आणि अर्धा सेंटिमीटर मागे सरकायचं. हे वरचं टोक. भुवईपासून मागच्या उंचवट्यापर्यंत बाजूने जाणारी दुसरी रेघ कानशिलाच्या केसांच्या कडेला जिथे मिळते, ते खालचं टोक. दोन्ही टोकं जोडली की झाली हालचालींची रेषा. तिचे पाच भाग करायचे. वरचा एक पायासाठी आणि धडासाठी, मधले दोन हातासाठी, खालचे दोन चेहऱ्यासाठी. या रेषेच्या दीड सेंटिमीटर मागे संवेदनांची समांतर रेषा, दीड सेंटिमीटर पुढे कंपनाची. कानाच्या वर चक्कर आणि श्रवणाचा पट्टा, मागे दृष्टीचा. डावा हात लुळा असेल तर सुई उजवीकडे. म्हणजे कवटीखाली पेनफिल्डला जे सापडलं, त्याचीच छाया ज्याओने कवटीवर पाडली. सुई चीनची, नकाशा बर्लिन आणि मॉन्ट्रियलचा.

टोचायची तऱ्हाही नवी होती. सुई उभी घुसवायची नाही, पंधरा ते तीस अंशांत आडवी सरकवायची, टाळूच्या कातडीखालच्या सैल थरात. मग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत ती मिनिटाला सुमारे दोनशे वेळा फिरवायची, दोन-तीन मिनिटं. पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा. हे करून पाहा म्हणजे कळेल. भजनातला टाळकरीही या वेगाला दमेल. रोग्याला डोक्यात उष्णता, ताण, कधी लुळ्या अंगात मुंग्या जाणवत. सुया असतानाच त्याला हात उचलायला, पाय टाकायला सांगायचं, हा या पद्धतीचा आणखी एक भाग. माझ्या मते तिचा सर्वांत शहाणा भाग हाच.

कल्पना वाऱ्यावर असल्या की एकाच वेळी अनेकांच्या डोक्यात उगवतात. शीआनमध्ये फांग युनपेंग या डॉक्टरने कवटीच्या सांध्यांवर पालथ्या पडलेल्या आख्ख्या माणसाची आकृती कल्पून त्यानुसार टोचायला सुरुवात केली. शांघायमध्ये थांग सोंगयान यांची वेगळी मांडणी झाली. जपानच्या मियाझाकी भागात तोशिकात्सु यामामोतो हा अमेरिकेत आणि जर्मनीत शिकलेला भूलतज्ज्ञ काम करत होता. त्यानेही कपाळाच्या केसांच्या कडेवर साऱ्या शरीराचे बिंदू असल्याचं १९७३ मध्ये ओसाकाच्या परिषदेत मांडलं. गंमत अशी की हे नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत. एकाच डोक्यावर पाय ज्याओच्या मते माथ्याशी, यामामोतोच्या मते आणखी कुठे. तरीही प्रत्येकाचे रोगी बरे होत होते, निदान प्रत्येकाच्या अहवालात. इतिहासकाराला इथे थांबावंसं वाटतं, कारण नकाशे भिन्न असूनही फळ सारखंच असेल तर फळ नकाशामुळे मिळतं का, ही शंका यायलाच हवी.

याच वेळी जगाचं लक्ष सुईकडे वळलं. जुलै १९७१ मध्ये चीनने सुईने भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियांची घोषणा केली. त्याच महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये होते, त्यांचं अ‍ॅपेंडिक्स काढावं लागलं. नंतरच्या पोटदुखीवर त्यांना सुया टोचल्या गेल्या, आणि २६ जुलैला त्यांनी त्यावर लेख लिहिला. शस्त्रक्रिया नेहमीच्या औषधी भुलीनेच झाली होती, पण ऐकणाऱ्यांनी ‘सुईवर ऑपरेशन’ असंच ऐकलं. फेब्रुवारी १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला गेले आणि अमेरिकेत सुईचं वेड पसरलं. जिशानच्या रेषा या लाटेवर स्वार झाल्या. चीनमध्ये पुस्तिका निघाल्या, प्रशिक्षणं झाली, युनचेंगमध्ये डोक्याच्या सुईसाठी वेगळी संशोधन संस्था उभी राहिली आणि ज्याओ तिचा प्रमुख झाला.

नंतर जे घडलं ते मला साऱ्या कथेतलं सर्वांत बोलकं वाटतं. मे १९८४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पश्चिम पॅसिफिक विभागाची टोकियोत बैठक झाली. इतक्या पद्धती आणि इतकी नावं झाली होती, तेव्हा एक मान्य चौकट हवी होती. चिनी तज्ज्ञांच्या प्रस्तावानुसार डोक्यावर चौदा रेषा ठरल्या आणि १९८९ मध्ये जिनिव्हात जागतिक मान्यतेसाठी त्या मंजूर झाल्या. त्यात ज्याओची हालचालींची रेषा राहिली, तिचे पाच भागही राहिले. मात्र ‘हालचालींचा पट्टा’ ही मेंदूची ओळख गेली. आता ती ‘माथा-कानशिलाची पुढची तिरकी रेषा’ झाली, आणि तिची टोकं जुन्या ग्रंथांतल्या अ‍ॅक्युपंक्चर बिंदूंना बांधली गेली. सांस्कृतिक क्रांतीत विज्ञानाचा पोशाख मिरवणारी रेषा १९८० च्या दशकात परंपरेच्या पोशाखात परत आली. काळ बदलला होता. माओ गेला होता, चिनी वैद्यक आता निर्यातीचा माल आणि राष्ट्रीय वारसा होऊ पाहत होतं. २०१० मध्ये युनेस्कोने सुई आणि शेक यांना मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा हे वर्तुळ पूर्ण झालं.

‘संपूर्ण माणसावर उपचार’ हे आज या पद्धतीला लावलं जाणारं बिरुद त्यापुढचं. १९८० च्या दशकात बीजिंगमध्ये गाजलेले झू मिंगचिंग कॅलिफोर्नियात जाऊन राहिले, इतरही चिनी वैद्य अमेरिकेत स्थिरावले. तिथल्या ग्राहकाला मन, शरीर आणि ऊर्जा यांचं ऐक्य हवं होतं, ते त्याला मिळालं. वास्तविक ज्याओची मूळ पद्धत याच्या अगदी उलट आहे. ती माणसाचे तुकडे करते: हा सेंटिमीटर पायाचा, हा हाताचा, हा बोलण्याचा. अ‍ॅक्युपंक्चरच्या साऱ्या शाखांत इतकी यांत्रिक, इतकी विभागवार शाखा क्वचितच असेल.

आपला संबंध कुठे येतो? १९३८ मध्ये भारतातून वैद्यकीय मदतीसाठी जे पाच डॉक्टर चीनला गेले, त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे मोरेश्वर चोळकर होते. कोटणीस ज्या लढाऊ प्रदेशात राबले, त्याच्या चिनी नावातलं पहिलं अक्षर शान्सी प्रांतासाठीच वापरलं जातं. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते तिकडेच वारले. ते शल्यविशारद होते. सुईशी त्यांचं नाव नंतर जोडलं गेलं ते पथकातले सहकारी कलकत्त्याचे डॉ. बिजॉय कुमार बसू यांच्यामुळे. बसूंनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकलं आणि कलकत्त्यात त्याचा प्रसार केला. लुधियानात कोटणिसांच्या नावाचं अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालय आहे. बसू शिकले तेव्हा डोक्यावरच्या रेषा जन्मालाही आल्या नव्हत्या. त्या भारतात नंतर आल्या. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्याने अ‍ॅक्युपंक्चरला मान्यता दिली, २०१९ मध्ये केंद्रानेही दिली.

मग उपयोग होतो का? डोक्याच्या कातडीतल्या संवेदना चेहऱ्याच्या आणि मानेच्या नसांतून मेंदूच्या बुंध्याकडे जातात. खाली कवटीआड कोणता भाग आहे, हे कातडीला ठाऊक असण्याचं कारण नाही. त्यामुळे ज्याओच्या नकाशाचा पायाच डळमळीत आहे. पण पाया चुकला म्हणून परिणाम शून्य असंही म्हणता येत नाही, ते चाचण्यांनीच ठरतं. तिथे अडचण आहे. १९९८ मध्ये अँड्र्यू व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी तपासलं तेव्हा चीनमधून आलेल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या सगळ्याच चाचण्या यशस्वी निघाल्या होत्या. जिथे कधीच काही फसत नाही, तिथे मोजमापातच काही फसलेलं असतं. २०१६ मध्ये वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने पक्षाघातानंतरच्या अ‍ॅक्युपंक्चरच्या ३१ चाचण्या आणि त्यांतले २२५७ रोगी एकत्र पाहिले. काही फायदा दिसला, पण चाचण्यांचा दर्जा इतका कमी की त्यावर भरवसा ठेवता येईना. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात २००६ मध्ये सात जायबंदी सैनिकांच्या गेलेल्या अवयवातल्या वेदनेवर डोक्याच्या सुया वापरल्या. एकाच उपचारात तिघांची वेदना थांबली, तिघांची बरीच कमी झाली, एकाला काहीच फरक पडला नाही. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि सातांवरून काही सिद्ध होत नाही. शिवाय पक्षाघाताचे रोगी पहिल्या तीन महिन्यांत आपसूकही सुधारतात. त्या काळात जो कुणी हात लावेल, श्रेय त्याला मिळतं.

घरात कुणाच्या अंगावरून वारं गेलं, तर डोक्यावरची रेषा शोधत बसू नका. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं की त्या क्षणी सीटी स्कॅनची सोय असलेलं मोठं रुग्णालय गाठा. रक्ताची गाठ विरघळवणारं औषध सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवा, फिजिओथेरपी रोज आणि नेटाने करून घ्या. हे सगळं चालू ठेवून, रोग्याची प्रकृती स्थिरावल्यावर, डॉक्टरांना विचारून कुणाला सुया लावून घ्यायच्याच असतील तर घ्या. निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुया आहेत याची खात्री तेवढी करा. आणि उपचार करणारा पाच हजार वर्षांची गोष्ट सांगू लागला, तर त्याला जिशान आणि १९७१ साल यांबद्दल विचारा.